शंभर कशाचे?



मागील अंकात आपल्या संध्याकाळच्या अभ्यासिकेचा छोटा अहवाल छापला होता. तो वाचून एका ज्येष्ठ देणगीदारांनी आपुलकीने पत्र लिहिले. मुले गाणी शिकतात, स्वच्छता शिकतात, प्रार्थना करतात हे वाचून त्यांना आनंद झाला. मात्र आठवड्यातले दोन दिवस शेकडेवारीला का दिले आहेत, हे त्यांना कळले नाही. ते तर शाळेत शिकवतातच, असे त्यांनी लिहिले. प्रश्न रास्त आहे. त्यांना पोस्टकार्डावर उत्तर लिहायला बसले आणि पोस्टकार्ड पुरेना, म्हणून हा लेख.

ज्यांनी नरडाणा पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले हे गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर स्टेशन आहे, मुंबई-आग्रा महामार्ग इथूनच जातो, आणि जवळ औद्योगिक वसाहतही उभी राहिली आहे. भोवताली कापसाची काळी जमीन. येथील भिल्ल वस्त्यांतल्या काही कुटुंबांकडे दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, बहुतेकांकडे तेवढीही नाही. पावसाळ्यात निंदणी, मग कापसाची वेचणी, आणि दिवाळी झाली की बरीच घरे कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातकडे, बारडोलीच्या बाजूला निघतात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ही उचल घरातल्या किराण्याला, आजाराला, एखाद्या लग्नाला आधीच खर्च झालेली असते.

गेल्या दिवाळीच्या आधी एक बाप अभ्यासिकेच्या ओट्यावर येऊन बसला. त्याची मुलगी सातवीत. गणितात हुशार, शेकडेवारीची गणिते वहीत कधी चुकत नाहीत. बाप म्हणाला, "ताई, वीस हजार उचल घेतली. दिढीने." मी मुलीला सहज विचारले, "सांग बरे, दिढी म्हणजे शेकडा किती?"

तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, "दीड टक्का." आणि पाटीवर हिशेबही करून दाखवला. वीस हजारांचा एक टक्का दोनशे, अर्धा टक्का शंभर, दीड टक्का तीनशे. वीस हजार तीनशे परत द्यायचे. हिशेबात एकही चूक नव्हती.

बापाने माझ्याकडे पाहिले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तिची आजी बसली होती, ती हसली. म्हणाली, "येडी पोर. दिढी म्हंजे शंभराचे दीडशे." आजी शाळेत एक दिवसही गेलेली नाही. तिचे बरोबर होते. वीस हजारांचे तीस हजार. व्याज तीनशे नव्हे, दहा हजार. मुलीने सांगितले त्याच्या तेहतीस पटींहून जास्त.

त्या संध्याकाळी मला झोप लागली नाही. मुलीला गणित येत नव्हते असे कोण म्हणेल? आजीला दिढी कळते, पण बँकेच्या कागदावरचा टक्का कळत नाही. नातीला टक्का कळतो, पण दिढी कळत नाही. आणि व्यवहार करणारा बाप दोघींच्या मध्ये बसलेला. त्याला कोणीतरी दोन्ही भाषा एकत्र करून सांगायला हव्या होत्या. आठवड्यातले ते दोन दिवस तेव्हापासून सुरू झाले.

आमच्याकडे चिंचेची झाडे भरपूर, त्यामुळे चिंचोक्यांना तोटा नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना दहा-दहाच्या दहा ओळी मांडायला लावल्या. शंभर चिंचोके. त्यातला एक उचलला की एक टक्का. एक ओळ उचलली की दहा टक्के. दोन ओळी आणि अर्धी म्हणजे पंचवीस. पाच ओळी म्हणजे पन्नास. एवढेच. शतमान, शेकडेवारी, टक्का ही सगळी याच मांडणीची नावे आहेत. सहावीच्या पुस्तकात धड्याचे नाव 'शतमान', बाजारात 'शेकडा', वर्तमानपत्रात 'टक्के'. तिन्ही एकच असे मुलांना कोणी सांगितलेलेच नव्हते. एका मुलाला वाटत होते, शेकडा म्हणजे फक्त व्याज आणि टक्के म्हणजे फक्त परीक्षा.

मग मी शंभराच्या शेजारी आणखी पन्नास चिंचोके मांडले आणि आजीला बोलावले. आजीने बोट ठेवून सांगितले, ही दिढी. मग शंभरावर पंचवीस ठेवले, ही सवाई. शंभरावर शंभर, ही दुपट. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. आमच्या आजीला पाढे येत नाहीत, पण त्यांची सावली तिच्या बोलण्यात आहे. मुलांनी वहीत दोन रकाने केले: पाव म्हणजे २५ टक्के, निम्मे म्हणजे ५०, पाऊण म्हणजे ७५, सवाईचे व्याज २५ टक्के, दिढीचे ५०, दुपटीचे १००. येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. दिढीत परत जाते ते मूळ रकमेच्या १५० टक्के, पण व्याज ५० टक्के. मूळ आणि वाढ यांची गल्लत झाली की हिशेब कोसळतो. मुलीची चूक तर याहून साधी होती. तिने 'दीड' ऐकले आणि त्याला 'टक्का' चिकटवला. दीड कशाच्या? एका शंभराच्या दीडपट की शंभरातले दीड? हा प्रश्न तिला पडलाच नाही, कारण शाळेच्या गणितात तो आधीच सोडवून दिलेला असतो. तेथे 'द.सा.द.शे. ८' असे छापलेले असते.

आता थोडे प्रत्यक्ष गणित. ज्यांनी शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झाली आहेत त्यांनीही चिंचोके डोळ्यांसमोर ठेवावेत.

शेकडेवारीचे प्रश्न तीनच तऱ्हेचे असतात. पहिली तऱ्हा सर्वांना येते: रक्कम माहीत, टक्के माहीत, भाग काढायचा. मंडळीतल्या मुलांना हे शिकवणे सोपे, कारण दशमांश त्यांना माहीत आहे. आठ हजारांचा दशमांश आठशे. एक शून्य कमी केले की दहा टक्के. आठशेचा पुन्हा दशमांश ऐंशी. हा एक टक्का. एकदा एक टक्का हाती आला की कोणताही टक्का काढता येतो. ७ टक्के म्हणजे ऐंशी साते पाचशे साठ. ३५ टक्के हवे असतील तर तीन दशमांश आणि अर्धा दशमांश: २,४०० आणि ४००, मिळून २,८००. भागिले शंभर, गुणिले अमुक हे सूत्र मुले विसरतात. 'आधी एक टक्का काढ' हे विसरत नाहीत.

दुसरी तऱ्हा: रक्कम माहीत, भाग माहीत, टक्के काढायचे. पंचवीसपैकी अठरा गुण. पंचवीसचे शंभर करायला चारने गुणावे लागते, म्हणून अठरा चोक बहात्तर. ७२ टक्के. गावात "टक्के किती पडले?" एवढाच या विद्येचा उपयोग आहे असे मुलांना वाटते, आणि त्यामुळे टक्के कधी शंभराच्या वर जात नाहीत असेही त्यांच्या मनात पक्के बसते. याचा त्रास पुढे होतो.

तिसऱ्या तऱ्हेत मुले अडकतात: भाग माहीत, टक्के माहीत, मूळ रक्कम काढायची. दशमांश ८५० रुपये दिला तर मिळकत किती? साडेआठ हजार. हे उदाहरण मी दिले आणि पुढच्या रविवारी दोन मुले दानपेटीकडे आणि मग एकेका मोठ्या माणसाकडे पाहून कुजबुजताना दिसली. त्यानंतर मी उदाहरण बदलले. आता मी कापसाचे देते. गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी कट्टी कापतो. क्विंटलमागे दोन किलो, म्हणजे २ टक्के. एका बाईने सांगितले, माझे १६० रुपये कट्टीत गेले. तिचा कापूस किती रुपयांचा होता? दोन टक्क्यांचे १६०, एक टक्क्याचे ८०, शंभर टक्क्यांचे आठ हजार. ज्याला हे उलटे चालणे जमले त्याला शेकडेवारी आली असे मी मानते.

कापसाचे दुसरे उदाहरण जरा मोठे आहे, पण खानदेशात ते टाळून चालत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा पाहतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कमी. १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. एखाद्याच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला तर भाव किती? अभ्यासिकेतल्या निम्म्या मुलांनी ८,११० मधून ११ टक्के वजा केले आणि ७,२१७ रुपये ९० पैसे असे उत्तर काढले. खरे तर वजा व्हायचे ते आठाच्या वरचे तीनच टक्के. ८,११० चा एक टक्का ८१ रुपये १० पैसे, तीन टक्के २४३ रुपये ३० पैसे, हाती ७,८६६ रुपये ७० पैसे. फरक क्विंटलला साडेसहाशेच्या घरात. पुन्हा तोच प्रश्न आडवा आला. ११ टक्के ओलावा हा कापसाच्या वजनातला. तीन टक्के कपात ही भावातली. दोघांचे शंभर वेगळे.

म्हणून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी खडूने एक ओळ लिहून ठेवली आहे, 'शंभर कशाचे?' गणित कोणतेही असो, आधी हा प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि मगच पाटी हातात घ्यायची. तो विचारला की पुष्कळ भुते पळून जातात. वेचणीचा दर किलोला १० रुपये होता. शेतमालकाने २० टक्के कमी केला. बायका नाराज झाल्या म्हणून पुन्हा २० टक्के वाढवला. दर पूर्वीइतका झाला का? मोठी माणसेही हो म्हणतात. दहाचे २० टक्के दोन, दर आठ झाला. आता आठाचे २० टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. दर नऊ रुपये साठ पैसे. किलोमागे चाळीस पैसे हवेत गेले आणि मालक म्हणतो, जेवढे कमी केले तेवढेच वाढवले. खोटे तर तो बोलत नाही.

आमच्याच लोकांची गणना घेऊन मी एक उदाहरण दिले. ते मुलांना फार आवडले. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२. त्यात अनुसूचित जमातींचे ६,४७,३१५. म्हणजे जिल्ह्यात ३१.५६ टक्के. तेवढीच माणसे महाराष्ट्रातल्या एकूण १,०५,१०,२१३ आदिवासींमध्ये मोजली तर साधारण ६.१६ टक्के भरतात. माणूस एकही कमी झाला नाही, टक्के एकतीसवरून सहावर आले. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात हेच प्रमाण ६९.२८ टक्के आहे आणि पूर्ण राज्यात ९.३५ टक्के. एका मुलाने विचारले, "म्हणजे आपण जास्त की कमी?" मी म्हटले, शंभर कशाचे ते सांग, मग उत्तर देते.

आता व्याज. येथे शंभराबरोबर आणखी एक प्रश्न येतो: किती दिवसांत? शाळेत दर साल, म्हणजे वर्षाचा दर शिकवतात. गावात व्याज महिन्याचे बोलतात. 'शेकडा तीन' म्हणजे शंभराला दरमहा तीन रुपये, वर्षाला छत्तीस. १९५७ च्या एप्रिलात रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हापासून 'रुपयाला तीन पैसे' म्हटले तरी हाच दर. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आणि 'रुपयाला आणा' हे ऐकायला किरकोळ वाटे. पण सोळातला एक म्हणजे सव्वासहा टक्के, तेही महिन्याला, म्हणजे वर्षाला पंच्याहत्तर. लहान आकडा आणि लहान मुदत एकत्र आली की व्याज लपून बसते.

दिढीचेही तसेच. दिवाळीनंतर उचल, ऊसतोड संपली की हिशेब. मध्ये सहा-सात महिने जातात. त्यात ५० टक्के, म्हणजे वर्षाच्या मापाने ८५ ते १०० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली परवानाधारक सावकारासाठी ठरवलेले वार्षिक दर शेतकऱ्यांना तारण कर्जावर ९ आणि बिनतारण कर्जावर १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के असे आहेत. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. पण उचल ही कागदावर कर्ज म्हणून दिसतच नाही. ती मजुरीची आगाऊ रक्कम म्हणवली जाते, आणि पुष्कळदा कागदही नसतो. मुकादमालाही एकट्याला दोष देऊन भागत नाही. तो बहुधा याच समाजातला, वरून मिळालेल्या रकमेत स्वतःही अडकलेला असतो.

बायबल वाचताना आकड्यांवरून आपली नजर घसरते. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात मीही अनेक वर्षे तशीच घसरत होते. यरुशलेमचा कोट बांधण्याचे काम चालू आहे आणि लोकांचा आक्रोश उठतो: शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुलेमुली दास्यात जात आहेत. नहेम्या सरदारांना भर सभेत बोलावतो. शेते तर परत करायला लावतोच, पण पैसा, धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा जो शंभरावा भाग ते घेत होते तोही परत करायला लावतो. शंभरावा भाग म्हणजे एक टक्का. तो दरमहाचा असावा असे अनेक भाष्यकार मानतात. म्हणजे वर्षाला बारा. हे मुलांना सांगितले तेव्हा सातवीतली ती मुलगी बोटांवर मोजू लागली. शेकडा तीन म्हणजे त्याच्या तिप्पट, आणि दिढी सात-आठ पट. "मग नहेम्या आपल्याकडे आला असता तर काय म्हणाला असता?" तिने विचारले. पवित्र शास्त्राच्या वर्गात मला कोणी इतका अवघड प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगितली नाही तर ते प्रामाणिक होणार नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन कामाला लागले तेव्हा वस्त्यांवर फिरायला एक जुनी स्कूटर घेतली. एका फायनान्स कंपनीकडून २४,००० रुपये, १२ टक्के व्याज, बारा हप्ते. व्याज २,८८०, हप्ता २,२४०. मी मनात म्हटले, नहेम्याचाच दर! पण दर महिन्याला मी मुद्दलातले दोन हजार फेडत होते. पहिल्या महिन्यात माझ्याकडे त्यांचे २४,००० होते, शेवटच्या महिन्यात फक्त २,०००. सरासरी काढली तर वर्षभर माझ्याकडे १३,००० च होते. तेरा हजारांवर २,८८० म्हणजे सुमारे २२ टक्के. कागदावरचे १२ टक्के खोटे नव्हते. ते पहिल्या दिवसाच्या शंभराचे होते, आणि तो शंभर दर महिन्याला लहान होत होता. हे मला चार वर्षांनी एका बँकेतल्या बहिणीने समजावले. तोपर्यंत मी अशाच आणखी दोघींना जामीन राहिले होते. म्हणून आता बचत गटात कोणी हप्त्याचे कर्ज घेऊन आली की मी आधी विचारते, व्याज पहिल्या रकमेवर की उरलेल्या रकमेवर?

आमच्या गटांतही शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे, म्हणजे वर्षाला २४ टक्के. नहेम्याच्या दुप्पट. ते व्याज गटातच राहते, वर्षाच्या शेवटी बायकांमध्येच वाटले जाते, ही गोष्ट खरी. तरीही दोन गटांनी हिशेब मांडून पाहिल्यावर दर दीड रुपयावर आणला. येथे मात्र 'दीड' म्हणजे खरोखरच शंभरातले दीड आहेत, हे सांगून मुलीने सर्वांना हसवले.

आता त्या घराचे. उचल तर घेऊन झाली होती. ती परत करण्याची सोय आमच्याकडे नव्हती. ते गेले. आई, बाप आणि धाकटा भाऊ. मुलीला मात्र या वेळी आजीजवळ ठेवले, शाळा बुडू नये म्हणून. जाण्याच्या आदल्या रात्री तिने बापासाठी एक वही तयार केली: तारीख, टन, मजुरी, खावटी घेतली ती, मधे उचलले ते. बाप सही करतो, वाचायला अडखळतो, म्हणून प्रत्येक रकान्यावर तिने चित्र काढले. उसाची मोळी, पिठाची पिशवी, नोट. तशीच दुसरी वही तिने स्वतःकडे ठेवली. रविवारी फोन येतो तेव्हा बाप आकडे सांगतो, ती लिहून घेते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. भाऊ आजारी पडला म्हणून बापाने मुकादमाकडून आणखी पाच हजार घेतले होते. त्यालाही दिढीच लावली. परत द्यायचे साडेसात हजार, हिशेब एप्रिलात.

"ताई, दिवाळीच्या पैशाला सहा महिने होते. याला दोनच आहेत."

"मग वर्षाचे किती पडतात बघ."

ती ओट्यावर बसली. दोन महिन्यांत ५०, म्हणजे महिन्याला २५. पंचवीस गुणिले बारा. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

"तीनशे येतात. पण तीनशे टक्के कसे असतील? टक्के शंभराच्या वर नसतात ना?"

मी म्हटले, परीक्षेत नसतात. चिंचोके घे आणि मांडून बघ.

तिने डबा उघडला. शंभराची एक चौकट मांडली, शेजारी दुसरी, मग तिसरी अर्धी झाली आणि डबा रिकामा झाला. ती उठून आजीकडे आणखी चिंचोके मागायला गेली.